माथा वगळून

गावाचा पंचवीस वर्षांचा आराखडा करायचा असं ठरलं, तेव्हा पहिलं भांडण अध्यक्ष कोण यावरूनच झालं. गावप्रमुखाला केलं असतं तर खाणीवरची वस्ती बैठकीकडे फिरकली नसती. खाणीवरच्या मुकादमाला केलं असतं तर ओढ्यापलीकडच्यांनी पाय आपटले असते. दुकानदार आपणहून तयार होता, पण आपणहून तयार असणाऱ्या माणसाला कुठलंच गाव काही देत नाही. शेवटी मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "सिस्टरना करा की!" आणि नवल म्हणजे एकानेही तोंड वाकडं केलं नाही. कसं करणार? सिस्टरनी पालथं पाडून सुई टोचली नाही असा माणूस गावात शोधून सापडला नसता. "जिने सगळ्यांची ढुंगणं पाहिलीत, तिच्यापुढे कसला मोठेपणा दाखवायचा?" दुकानदारच म्हणाला, आणि सभा हसत हसत उठली.

सिस्टर मात्र हसल्या नाहीत. त्यांना अध्यक्षपद नको होतं, दवाखाना हवा होता. त्या निवृत्त झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या दवाखान्याला कुलूप लागलं. बदली माणूस येणार, येणार, म्हणता म्हणता आत पारवे आले. दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत सिस्टर राहायच्या. लोक अजूनही त्यांचंच दार वाजवायचे. पण त्यांच्याकडे आता एक थर्मामीटर आणि तोंडचा सल्ला, एवढीच औषधं उरली होती.

संध्याकाळची एक बस सोडली तर गावात एकच जीप होती आणि ती चालवणारा एकच माणूस. अडल्यानडल्याला मोठ्या इस्पितळात तोच न्यायचा. वाटेत ओढा होता, आणि ओढ्यावर पूल नव्हता. पाणी कमी असलं की गाडी पाण्यातून जायची, पाणी चढलं की अलीकडेच उभी राहायची. दोन वर्षांपूर्वी जीपवाल्याची स्वतःची बायको बाळंतपणात अडली. सिस्टर मागच्या सीटवर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. जीपवाला गाडीतून उतरायचा, ओढ्यात काठी रोवून पाहायचा, परत येऊन बसायचा. पाणी उतरलं तेव्हा पलीकडे न्यायला काही उरलं नव्हतं. आईही गेली आणि लेकरूही. त्यानंतर जीपवाला मोजकंच बोलायचा. आराखड्याच्या समितीत नाव घातलं तेव्हा त्याने सिस्टरना एवढंच विचारलं, "पूल होईल ना?"

"त्यासाठीच बसलेय," सिस्टर म्हणाल्या.

गाव म्हणजे तसं एक गाव नव्हतं. ओढ्याच्या काठाला मूळ गाव, त्यात शाळा आणि दुकान. पलीकडे एक वस्ती. खाणीच्या अंगाला मजुरांची दुसरी. आणि डोंगराच्या खांद्यावर, चढून जाताना छाती भरून येईल अशा उंचीवर, तिसरी. तिला सगळे माथा म्हणायचे. सिस्टर माथ्यावरच जन्मल्या होत्या. त्यांचा थोरला भाऊ अजून तिथेच राहायचा. तो गवंडी होता. माथ्यावरच्या बहुतेक भिंती त्याच्या हातच्या.

जिल्ह्याच्या कार्यालयातून आराखड्यासाठी एक तरुण मॅडम आली. एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा डोक्यावर, आणि खांद्याला गुंडाळ्यांची पिशवी. शाळेच्या वर्गात पोरांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसली. मॅडमने भिंतीवर गावाचा भलाथोरला नकाशा लावला आणि सगळ्यांना रंगीत टिकल्या वाटल्या. पंचवीस वर्षांनी जिथे जे हवं असेल तिथे टिकली लावायची. मग काय विचारता! दुकानदाराने दुकानासमोर बसथांबा लावला. कुणीतरी ओढ्याच्या मधोमध सिनेमागृह बांधलं. एक म्हातारा टिकली हातात धरून नुसताच उभा राहिला.

"आजोबा, लावा ना," मॅडम म्हणाली.

"पोरी, पंचवीस वर्षांनी मी असणार कुठे? स्मशानाला शेड आहे का तुझ्या नकाशात? असेल तर तिथे लाव. तेवढी सोय माझ्या कामाची."

वर्ग खो खो हसला. जीपवाल्याने आपल्या सगळ्या टिकल्या एकाच जागी, ओढ्यावर, एकीवर एक चिकटवल्या. मॅडमने त्या नखाने सुट्या करू पाहिल्या. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून तशाच राहू दिल्या.

त्या दिवशी सिस्टर घरी गेल्या त्या पिसासारख्या हलक्या होऊन. इतकी वर्षं गावातल्या माणसांची दुखणी पाहिली होती. माणसांना काही हवंसुद्धा असतं, हे बहुधा त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. स्वयंपाक करता करता त्या चक्क गुणगुणल्या.

पुढच्या खेपेला मॅडमने बैठक न बोलावता एकट्या सिस्टरनाच शाळेत गाठलं. शाळा सुटल्यावर फळ्याजवळच्या खुर्चीवर बसून, दोन्ही चष्मे काढून तिने डोळे चोळले.

"सिस्टर, तुम्हाला स्पष्ट सांगते. सगळं मिळणार नाही."

"सगळं कधी मिळालंय?"

"तसं नाही. खात्याचं धोरण आता असं आहे की विखुरलेल्या वस्त्यांवर पैसा पसरवत बसायचं नाही. माथ्यापर्यंत पाणी चढवायचं, रस्ता, तारा न्यायच्या, तर बाकी सगळं त्यातच संपतं. मग पूल नाही, दवाखाना नाही. पण आराखडा आटोपशीर केला, माथ्याच्या लोकांना खाली जागा दाखवली, तर दोन्ही बसतं. मी हिशेब तीनदा करून पाहिला."

"माथ्याला काढायचं म्हणता?"

"काढायचं नाही हो. कुणालाही उठवणार नाही. फक्त तिथे नवीन काही द्यायचं नाही."

मॅडम वाईट नव्हती. बोलताना तिचा आवाज खाली जात होता, आणि हातातल्या खडूचा तिने मोडून मोडून भुगा केला होता. सिस्टरना वाटलं, हिला ओरडावं तरी कसं? आपणही कितीदा असंच बोललो आहोत, खाटेशी वाकून, आवाज खाली आणून.

दुसऱ्या दिवशी सिस्टर माथ्यावर गेल्या. भाऊ अंगणातल्या भिंतीचा ढासळलेला कोपरा लावत होता. वहिनीने लगबगीने चहा टाकला.

"ये चिमे," भाऊ म्हणाला. पिकल्या केसांच्या सिस्टरना चिमी म्हणणारा जगात हा एकच माणूस उरला होता. "अध्यक्षीण झालीस म्हणे. आता आम्ही उठून उभं राहायचं का?"

"बस रे दादा. गुडघे तुझे, उठशील तर माझ्याच गळ्यात पडशील."

चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं झालं. मग सिस्टरनी जे होतं ते सांगितलं, काही न लपवता. भाऊ ऐकत होता. हातातला दगड त्याने एका बाजूने फिरवून पाहिला, दुसऱ्या बाजूने पाहिला, आणि खाली ठेवला.

"म्हणजे तुम्ही आम्हाला मारणार नाही," तो म्हणाला. "नुसतं मरेपर्यंत थांबणार."

"खाली जागा देणारेत, दादा. चांगली, सपाट. वहिनीला पाण्यासाठी वणवण नको."

"मला कुठे मध्ये आणता?" वहिनी आतून म्हणाली.

"खाली जागा," भाऊ म्हणाला. "माझी दोन पोरं शहरात गेली, तीसुद्धा खाली जागा आहे म्हणूनच. एकदा उतरलेला माणूस गावात थांबतो का? तो सरळ पुढे जातो. बघ तू, आमच्यातला एकही तुझ्या त्या सपाट जागेत राहणार नाही."

"मग मी करू काय? जीपवाल्याची बायको माझ्या मांडीवर गेली, दादा. तूच सांग."

भावाने खाली ठेवलेला दगड पुन्हा हातात घेतला. मग म्हणाला, "तुला जे करायचंय ते कर. पण मला येऊन विचारलंस हे खाली कुणाला सांगू नकोस. दादाने हो म्हटलं, असं होईल. मी हो म्हटलेलं नाही."

निघताना वहिनीने नेहमीसारखं काहीतरी बांधून पिशवी हातात दिली. भाऊ भिंतीकडे वळला होता, वळलेलाच राहिला.

निर्णयाच्या बैठकीला वर्ग शिगोशीग भरला होता. माथ्याची माणसं दाराशी उभी होती. बाकांवर सरकून जागा करून दिली तरी ती बसली नाहीत. सिस्टरचा भाऊ आला नव्हता. मॅडमने दोन नकाशे लावले, एक माथ्यासकट आणि एक माथा वगळून. मग जे व्हायचं ते झालं. मुकादम म्हणाला, आज माथा, उद्या खाण. दुकानदार म्हणाला, एका डोंगरासाठी सगळ्या गावाने पुलावाचून राहायचं का? माथ्याचा एक तरुण गवळी दारातूनच म्हणाला, "आमचं दूध पिताना डोंगर लांब नाही वाटत तुम्हाला!" त्यावर कुणी हसलं, कुणी शिवी दिली. हात वर करायची वेळ आली तेव्हा दोन्हीकडे सारखेच हात निघाले.

मग सगळा वर्ग सिस्टरकडे बघायला लागला.

त्यांनी ठरवलं होतं की कुणाकडेही बघायचं नाही. तरी नजर गेलीच. जीपवाला भिंतीला टेकून उभा होता. तो काही मागत नव्हता. विनवणी करत असता तर कदाचित बरं झालं असतं; सिस्टरना विनवण्या पेलायची सवय होती. तो नुसता त्यांच्याकडे बघत होता, पाण्यात काठी रोवून बघावं तसा.

"माथा वगळून," सिस्टर म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला.

दाराशी उभी असलेली माणसं वळली आणि गेली. कुणी दार आपटलं असतं तरी चाललं असतं. गवळ्याने उलट ते हळूच ओढून घेतलं.

त्यानंतर माथ्यावरून सिस्टरकडे कुणी आलं नाही. दुखणं आलं तर ती माणसं सिस्टरच्या दारावरून जात, पण दार वाजवत नसत. मूळ गाव मात्र खुशीत होतं. आराखडा मंजूर झाला, जिल्ह्याच्या ठिकाणी त्याला शाबासकी मिळाली. आटोपशीर गावाचा नमुना म्हणून मॅडमचं कौतुक झालं, आणि कौतुक झालेल्या माणसाचं जे होतं ते तिचं झालं. तिला वरच्या जागेवर दूर पाठवलं.

भाऊ म्हणाला होता तसंच झालं. खाली दाखवलेल्या सपाट जागेत माथ्याचं एकही घर उतरलं नाही. आधी गवळी गेला, गुरं विकून शहरात. मग दोन तरुण जोडपी गेली. पोरं गेल्यावर माथ्यावरची छोटी शाळा बंद झाली, आणि शाळा बंद झाल्यावर ज्यांची पोरं उरली होती तेही गेले. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथे वासेच नव्हे, माणसं दारंखिडक्यासुद्धा काढून घेऊन गेली.

सिस्टर स्वतःची समजूत घालत. एकदा पूल झाला, दवाखाना उघडला, की कळेल सगळ्यांना. एवढ्या एका वाक्यावर त्यांनी वर्ष काढलं, दुसरंही काढलं. मग त्या जिल्ह्याच्या कार्यालयात गेल्या. जीपवाल्यानेच नेलं.

मॅडमच्या खुर्चीत आता एक नवा अधिकारी होता. गळ्यात ओळखपत्र, टेबलावर घडी न मोडलेला रुमाल. त्याने अदबीने खुर्ची दिली, आराखडा काढला, पानं उलटली.

"दवाखाना शेजारच्या मोठ्या गावाला गेलाय," तो म्हणाला. "तुम्हाला कळवलं नाही का कुणी?"

सिस्टरना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "आमच्या आराखड्यात आहे तो."

"आराखड्यात आहे, बरोबर. पण नवीन नियमाने दवाखान्याखाली ठरावीक लोकसंख्या लागते. तुमची थोडी कमी पडते."

"किती कमी?"

त्याने आकडा सांगितला. सिस्टरनी मनातल्या मनात माथ्यावरची घरं घेतली, एकेका घरातली माणसं घेतली. त्यातली निम्मी त्यांच्याच हातांवर जन्मली होती.

"माथा धरला तर?" त्यांनी विचारलं.

अधिकाऱ्याने कागदावर बेरीज केली. माणूस सरळ होता, खोटं बोलला नाही. "धरला असता तर बसली असती," तो म्हणाला.

"मग धरा ना! माणसं आहेत तिथे, जिवंत आहेत. माझा सख्खा भाऊ आहे तिथे."

"बाई, पण वगळायचा ठराव तुमच्याच समितीचा आहे. अध्यक्ष म्हणून सही तुमचीच दिसते. आणि आता तिथे राहिलंय तरी कोण? दुरुस्ती सुचवा, पुढच्या आढाव्यात घेऊ."

"आणि पूल?" जीपवाल्याने दारातून विचारलं. इतका वेळ तो तिथे आहे हे अधिकाऱ्याच्या लक्षातच नव्हतं.

"पूल दवाखान्याला जोडून मंजूर होता ना. दवाखानाच नाही म्हटल्यावर तो शेवटच्या टप्प्यात गेला." त्याने जरा थांबून, समजूत काढल्यासारखं म्हटलं, "रद्द नाही झालेला. फक्त शेवटच्या टप्प्यात."

येताना गाडीत सिस्टर मनातल्या मनात तीच बेरीज पुन्हा पुन्हा करत राहिल्या. एका हातातलं देऊन दुसऱ्या हातात घ्यायला गेलो आणि दोन्ही हात रिते झाले. हे कुणाला सांगायचं, आणि सांगून कुणाचं काय भलं होणार? ओढ्यापाशी जीपवाल्याने गाडी थांबवली. पाणी घोट्याएवढंही नव्हतं, तरी थांबवली.

"तुमच्यावर राग नाही माझा," तो म्हणाला. "तुम्ही मला पाहूनच मत दिलंत, मला माहितेय. म्हणूनच जड जातंय. माझ्यासाठी त्या माणसांची घरं गेली, आणि इथे एक दगड लागला नाही." त्याने तळव्याने स्टिअरिंग पुसलं. "मी गाडी देऊन टाकतोय, सिस्टर. शहरात मेव्हण्याच्या गॅरेजमध्ये जातो. इथे रोज हे पाणी ओलांडायचं माझ्याने आता होत नाही."

"गावात दुसरी गाडी नाही रे."

"माहितेय," तो म्हणाला, आणि गियर टाकला.

दवाखाना गेल्याची बातमी मॅडमलाही कुठून तरी कळली असावी. तिचा फोन आला. "सिस्टर, तेव्हा तो नियम नव्हता हो. खरंच नव्हता." ती रडत होती. सिस्टरनी तिलाच समजावलं, नीट जेवत जा म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

भावाला आपण स्वतः सांगायचं असं त्यांनी ठरवलं. चढ चढताना आता दोनदा टेकायला लागलं. वर पोचल्या तर भावाच्या अंगणात एक मालवाहू टेम्पो उभा होता; कसा चढवला कोण जाणे. भाऊ छपरावर होता. पत्रे सोडवत होता. थोरला पोरगा खालून झेलत होता. वहिनी भांडी गोधडीत गुंडाळत होती. तिने सिस्टरकडे पाहिलं, हलकेच बाजूला सरकली, आणि बसायला जागा केली.

"दादा," सिस्टरनी खालून हाक मारली.

"आलीस? थांब, उतरतो." तो शिडीवरून एकेक पायरी चाचपत उतरला. "पोरगा ऐकत नाही. म्हणतो, वर दोनच घरं उरलीत, तुम्ही किती दिवस काढणार. रात्री कुणाला काही झालं तर हाकेला ओ द्यायलाही माणूस नाही."

सिस्टरनी सगळं सांगितलं. दवाखान्याचं, पुलाचं, बेरजेचं. तिथेच उभ्या उभ्या, पदराचा बोळा करून. त्यांना वाटलं होतं तो ओरडेल. ओरडावं म्हणूनच त्या आल्या होत्या.

भाऊ शिडीच्या पायरीवर टेकला. "असं झालं होय," म्हणाला. बस. त्याला काही विशेष वाटल्याचंही दिसलं नाही, जसं कुणी लांबच्या नात्यातलं गेल्याचं सांगावं.

"माझ्याकडे चल, दादा. दोन खोल्या आहेत. तू नि वहिनी. मी पुढच्या खोलीत पडेन."

"नको, चिमे."

"माझ्यावर राग म्हणून?"

"राग कसला? तू तरी काय चुकीचं केलंस?" त्याने तळहातावरच्या सोललेल्या जागेवर फुंकर घातली. "पण खाली राहिलो तर रोज मान वर करून इथे बघणार मी. शहरात निदान डोंगर दिसत नाही म्हणतात."

सिस्टरनी पदर खोचला आणि वहिनीसोबत भांडी गुंडाळायला बसल्या. सामान थोडंच होतं, तरी टेम्पो भरला. भाऊ निघताना घराभोवती एक चक्कर मारून आला. कोपऱ्यातला एक सुटा दगड त्याने पायाने आत सारला, सवयीने. वहिनीने सिस्टरना मिठी मारली आणि कानाशी म्हणाली, "त्यांना नाही बोलता येत. तुम्ही फोन करत जा हो." मग टेम्पो धक्के खात उतरला, आणि वळणावरून दिसेनासा झाल्यावरही त्याच्यातल्या पत्र्यांचा खडखडाट बराच वेळ ऐकू येत राहिला.

सिस्टर घरी आल्या तेव्हा दुपार कलली होती. पायरीवर खाणीवरची एक बाई बसली होती, मांडीवर तीन-चार वर्षांची मुलगी. मुलीचे गाल लाल, डोळे अर्धे मिटलेले.

"सिस्टर, कालपासून तापलीय. एक सुई द्या ना."

"सुई कुठून आणू गं? औषध नाही माझ्याकडे. मोठ्या इस्पितळात न्यायला पाहिजे हिला."

"गाडी कुठेय? जीपवाला तर गेला."

"संध्याकाळची बस बघायची."

"ती आजकाल येते कधी, येत नाही कधी."

सिस्टरना हे माहीत होतं. त्यांनी कुलूप काढलं, मुलीला आत आपल्या अंथरुणावर घेतलं, थर्मामीटर लावला, आणि पाहून आईला आकडा न सांगता झटकून ठेवला. पातेल्यात पाणी घेतलं, फडक्याची घडी भिजवली, पिळली, कपाळावर ठेवली. थोड्या वेळाने ती गरम झाली. काढली, पुन्हा भिजवली. आई दारात उभी राहून रस्त्याकडे बघत होती.

"येईल ना हो बस?" तिने विचारलं.

सिस्टर घडी पिळत राहिल्या.